खांब, साखळी आणि ठिपका

तुमच्या घरात बहुधा क्रोशाचा एखादा रुमाल असेल. भारतातून निघताना कपड्यांच्या घडीत घालून आणलेला, किंवा रुखवतात मांडलेला आणि मग दोन-तीन देश, चार घरं फिरून आताच्या कपाटात येऊन पडलेला. आजीने, आत्याने, नाहीतर शेजारच्या काकूंनी केलेला. तो कसा केला हे कुठेही लिहिलेलं नसतं. करणारीला विचारलं, तर "सोपं आहे गं, गोल साखळी घ्यायची आणि खांब घालत जायचं" एवढंच उत्तर मिळायचं. तिला ते सोपं होतं, कारण तिने ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाताकडे बघून उचललं होतं.

आपल्यापैकी बहुतेकांना आता तो हात समोर बसून बघायला मिळत नाही. म्हणून आज एका वेगळ्याच लिपीची ओळख करून घेऊ. क्रोशाच्या पुस्तकांत गोल गोल रिंगणं, इंग्रजी टी-सारखे खांब, फुल्या, भरीव ठिपके असलेली आकृती असते ना, ती लिपी. तिला चार्ट म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं की मुंग्यांची रांग वाटते आणि आपण पान उलटतो. पण तिच्यामागे दोनशे वर्षांचा खटाटोप आहे, आणि परक्या देशात राहणाऱ्या माणसाला तिचा उपयोग सगळ्यात जास्त आहे.

तरुण कला, जुनी सुई

क्रोशे ही फार प्राचीन कला असेल असा आपला समज असतो. दोन सुयांवरचं विणकाम खरोखरच जुनं आहे. इजिप्तमध्ये सापडलेले विणलेले मोजे मध्ययुगातले आहेत. क्रोशाचा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा ठोस पुरावा मिळत नाही. एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश बाईंनी आपल्या आठवणींत १८१२ सालच्या संदर्भात 'मेंढपाळांच्या विणकामा'चा उल्लेख केला आहे. आकडीने केलेलं हे साधं जाड काम म्हणजे क्रोशाचा जवळचा नातलग. 'क्रोशे' या नावानिशी छापलेली पहिली ज्ञात कृती १८२३ सालची. ती 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात आली, आणि ती होती रेशमी दोऱ्याच्या बटव्यांची. क्रोशे हा शब्द फ्रेंच, अर्थ 'छोटी आकडी'.

या आकडीचा एक धागा आपल्याकडेही येतो. कच्छमधले मोची कारागीर ज्या आरीने कापडावर साखळी टाका घालत, तशाच आकडीचं भरतकाम अठराव्या शतकात युरोपात लोकप्रिय झालं. कापड गोल चौकटीवर ढोलासारखं ताणून बसवत, म्हणून फ्रेंचांनी त्याला ढोलाचंच नाव दिलं, टॅम्बूर. ते पूर्वेकडून आलं आणि पुढे कुणीतरी खालचं कापडच काढून टाकून साखळी हवेत विणायला सुरुवात केली, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तसं असेल तर आजीच्या रुमालाची पणजी कच्छच्या बाजूला निघते.

नमुना हेच पुस्तक

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्क भागातल्या उर्सुलाइन मठातल्या जोगिणींनी, आणि मोनहन परगण्यातल्या क्लोन्स गावात तिथल्या पाद्र्यांच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी गरीब घरांतल्या बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवायला घेतली. सुईने विणलेली व्हेनिसची महागडी लेस करायला महिनोन्महिने लागत. क्रोशाने तसाच देखावा कितीतरी लवकर उभा राहायचा. एक आकडी आणि दोऱ्याची गुंडी, एवढंच भांडवल. त्या लेसवर घरं तगली.

या बायका शिकल्या कशा? त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. एक जण गुलाब करायची, दुसरी पान, तिसरी सगळं जाळीने जोडायची. नवीन मुलीच्या हातात तयार गुलाब दिला जायचा. तिने तो उलटसुलट करून बघायचा, टाके मोजायचे आणि करायचा. नमुना हेच पुस्तक. आणि नमुना हीच मिळकत असल्याने काही घराण्यांनी आपापली फुलं गुपित ठेवली. ज्या घरात पुढे कुणी शिकलं नाही, तिथलं फूल तिथेच थांबलं.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आंध्रमधल्या नरसापूर भागात मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात लेस शिकवली, आणि हजारो बायका घरी बसून ती करू लागल्या. तिथेही कामाची वाटणी तशीच, एकीची फुलं तर दुसरीची जोडणी. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं, की जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या बायका सगळ्यांच्या लेखी 'रिकाम्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी'च होत्या. जे काम कागदावर येत नाही ते काम म्हणून मोजलं जात नाही, करणारीचं नावही राहत नाही. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव तरी कागदावर आलं.

शब्दांत लिहिलं, पण कुठल्या?

क्रोशे शब्दांत उतरवण्याचा उद्योग १८४० च्या दशकात जोरात सुरू झाला. एडिनबराच्या जेन गोगेन यांचं १८४० सालचं पुस्तक विणकाम आणि क्रोशे दोन्ही शिकवणारं होतं, आणि टाक्यांसाठी त्यांनी स्वतःची आद्याक्षरांची पद्धत बसवली होती. लंडनच्या मादमोझेल रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी पुढची चाळीस वर्षं पुस्तकांमागून पुस्तकं काढली. स्वयंपाकाच्या बाबतीत कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 'अंदाजाने घाला'च्या जागी वाटी-चमचा आणला, तसंच काहीसं हे काम होतं. नवीन लग्न झालेल्या, माहेरापासून लांब असलेल्या बाईला पुस्तकावरून करता येऊ लागलं.

अडचण एवढीच की टाक्यांची नावं ठरलेली नव्हती. प्रत्येकीची आपापली. हळूहळू नावं ठरली तीही समुद्राच्या दोन काठांवर दोन प्रकारची. न्यूजर्सीत राहणारी बहीण आणि लेस्टरमध्ये राहणारी बहीण या दोघींनी एकाच वेळी 'डबल क्रोशे' वाचलं, तर दोघी वेगळे टाके घालतील.

नीट बघू. आपल्याकडे ज्याला मुका खांब म्हणतात तो बुटका टाका. सुई खालच्या टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन लूप होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून एकदम काढायचा. याला अमेरिकेत म्हणतात सिंगल क्रोशे, ब्रिटनमध्ये डबल. मग आपला नेहमीचा खांब. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग सुई आत, दोरा ओढला की सुईवर तीन लूप. दोनातून काढा, पुन्हा दोनातून काढा. हा अमेरिकेत डबल, ब्रिटनमध्ये ट्रेबल.

यात एक संगती सापडते. ब्रिटिश नाव सुईवरचे लूप मोजतं असं समजा, दोन आणि तीन. अमेरिकी नाव शेवटी किती वेळा दोरा काढायचा ते मोजतं असं समजा, एक आणि दोन. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, पण मोजलेली गोष्ट वेगळी आहे. लक्षात ठेवायला ही खूण पुरेशी आहे. ऑस्ट्रेलियातली पुस्तकं सहसा ब्रिटिश वळणाची, कॅनडातली बहुतेक अमेरिकी.

गफलत झाली तर काय होतं? गोल रुमाल सपाट बसतो तो टाक्याची उंची आणि प्रत्येक फेरीत वाढवलेले टाके यांच्या हिशोबावर. मुक्या खांबांच्या गोलात फेरीला साधारण ६ टाके वाढवावे लागतात, खांबांच्या गोलात साधारण १२. ब्रिटिश पुस्तकातला 'डबल' अमेरिकी समजून उंच घातला, तर घेराला टाके कमी पडतात, कडा वर उचलली जाते आणि रुमालाची वाटी होते. उलट अमेरिकी पुस्तकातला 'डबल' ब्रिटिश समजून बुटका घातला, तर टाके जास्त होतात आणि झालरीसारख्या चुण्या पडतात. दोष हाताचा नसतो, एका शब्दाचा असतो.

चौकटींचा कागद

शब्दांना पर्याय आधीपासून होता, तो म्हणजे चौकटींचा कागद. फेडेरिको व्हिंचोलो यांचं लेसच्या नमुन्यांचं पुस्तक १५८७ साली पॅरिसमध्ये निघालं. त्यात जाळीवर भरायच्या आकृत्या चौकटींत काळ्या-पांढऱ्या छापलेल्या आहेत. पुढे बर्लिनहून लोकरी भरतकामाचे रंगीत चौकटींचे कागद युरोपभर गेले. क्रोशात याचाच उपयोग 'फिले' प्रकारात झाला. भरलेली चौकट म्हणजे खांबांचा ठोकळा, रिकामी चौकट म्हणजे दोन खांबांमध्ये दोन साखळ्यांची खिडकी. मोर, गुलाब, अक्षरं, काहीही काढता येतं. टेबलक्लॉथवर 'सुस्वागतम्' विणलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर ते याच जातीचं.

फिलेच्या इतिहासातलं एक नाव आवर्जून सांगण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेरी कार्ड, जन्म १८६१, मृत्यू १९४०. त्या शिक्षिका होत्या. ऐकू येणं कमी होत गेलं आणि शाळा सोडावी लागली. मग त्यांनी क्रोशाची नक्षी काढायला घेतली. त्यांच्या चार्टवर ऑस्ट्रेलियातली पानं-फुलं आणि पक्षी आले. त्या काळात तिथल्या बायका मुख्यतः युरोपातली नक्षी काढत असत. वर्गात बोलून शिकवणं बंद झालेल्या बाईंनी चौकटींवर हजारो घरांना शिकवलं.

आपल्या आजी-आयांना ही चौकटींची भाषा नवखी वाटायचं कारण नव्हतं. ठिपक्यांच्या रांगोळीची वही आठवा. '१५ ते ८' एवढं लिहिलं की मधल्या ओळीत १५ ठिपके आणि कमी होत होत वर-खाली ८, हे कुणालाही कळायचं. पुढे रेघा जोडलेली एक आकृती. शब्द जवळजवळ नाहीतच. कोल्हापूरची वही इंदूरच्या बाईला वाचता यायची. चार्ट वाचण्याची निम्मी तयारी आपल्याकडे अंगणात झालेली आहे.

पण चौकटींचा कागद गोल रुमालाला पुरत नाही. मध्यातून फुलत जाणारी पाकळी, तिरपे खांब, एकाच टाक्यात घातलेले पाच खांब, हे चौकटीत बसत नाही. त्यासाठी प्रत्येक टाक्यालाच स्वतःचं चिन्ह हवं होतं.

टाक्याचं चित्र

विसाव्या शतकात युरोपातल्या अनेक देशांत, रशियात आणि जपानमध्ये अशा चिन्हांचे चार्ट रुळले. ब्रिटन-अमेरिकेतली पुस्तकं मात्र बराच काळ शब्दांनाच चिकटून राहिली. जपानने तर चिन्हांना सरकारी मानक दिलं. तिथे औद्योगिक मानकांचा कायदा १९४९ साली झाला. स्क्रू आणि पोलादी नळ्यांना मानकं असतात तशी विणकामाच्या चिन्हांनाही आहेत. त्या मानकाचा क्रमांक एल ०२०१, आणि सध्या वापरातली आवृत्ती १९९५ सालची. त्यामुळे कुठल्याही जपानी प्रकाशकाचं पुस्तक उघडा, खांब खांबासारखाच दिसतो. जपानी अक्षरही न वाचता येणाऱ्या जगभरच्या बायका ती पुस्तकं मागवून त्यावरून विणतात, त्याचं गुपित हे. अमेरिकेत क्राफ्ट यार्न कौन्सिल या संस्थेने चिन्हांची यादी प्रसिद्ध केली आहे, आणि ती बहुतांशी याच वळणाची आहे.

ही चिन्हं पाठ करावी लागत नाहीत, कारण ती टाक्याची चित्रंच आहेत. लांबट गोल म्हणजे साखळीची कडी. भरीव ठिपका म्हणजे फेरी जोडायचा सरकता टाका, ज्याला उंचीच नसते. फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब. इंग्रजी टी-सारखा उभा खांब, वर आडवी रेघ, म्हणजे अर्धा खांब. त्याच्या अंगावर एक तिरपी रेघ आली की पूर्ण खांब, दोन रेघा आल्या की दोन वेढ्यांचा उंच खांब, तीन आल्या की तीन वेढ्यांचा. खांबापासून पुढे तिरप्या रेघा म्हणजे सुई आत घालण्याआधी घ्यायचे वेढे. कपाटातला रुमाल काढून भिंगातून बघा. खऱ्या खांबावरही तो दोऱ्याचा वेढा तिरपा पडलेला दिसतो.

आता इतर भाषांतली नावं ऐका. रशियनमध्ये या टाक्याला 'स्तोल्बिक' म्हणतात, म्हणजे छोटा खांब. मुका खांब म्हणजे 'वेढ्याशिवायचा खांब'. जर्मनमध्ये खांबाला 'छोटी काठी' म्हणतात. साखळीला जपानीत 'कुसारी' म्हणजे साखळीच. सिंगल-डबल-ट्रेबल हे मोजणीचं प्रकरण इंग्रजीचं. मराठी बायकांनी आपल्या टाक्याला जे दिसतं ते नाव दिलं, आणि चार्ट काढणाऱ्यांनी जे दिसतं ते काढलं. मराठीत क्रोशे शिकलेल्या बाईला चार्ट इंग्रजीत शिकलेल्या बाईपेक्षा सोपा जावा, असं मला वाटतं ते यामुळेच.

वाचायचं कसं

समजा समोर गोल रुमालाचा चार्ट आहे. वाचन मध्यापासून सुरू करायचं. मध्यात सहा लांबट गोल रिंगणात आणि त्यांना जोडणारा ठिपका असेल, तर सहा साखळ्या घालून सरकत्या टाक्याने गोल बंद करा. मग तीन साखळ्या उभ्या काढलेल्या दिसतील. तो पहिल्या खांबाच्या जागी आहे, कारण खांबाची उंची साधारण तीन साखळ्यांएवढी असते. मुक्या खांबाला एक, अर्ध्याला दोन, दोन वेढ्यांच्या खांबाला चार. पुढे त्या रिंगणाभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे ११ खांब असतील. तीन साखळ्या धरून झाले १२. ठिपका आला की फेरी बंद.

उजव्या हाताने विणत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने वाचत जायचं. डावखुरी असाल तर चार्ट आरशात धरल्यासारखा उलटा वाचायचा. चौकोनी, सपाट काम असेल तर खालून वर जायचं. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, जशी सुई जाते तशी. ओळीचा आकडा जिथे लिहिलेला असतो तिथून ती ओळ सुरू होते. पोकळ त्रिकोण दिसला तर तिथे दोरा जोडायचा, भरीव त्रिकोण दिसला तर तोडायचा.

मग बघायचे खांबांचे पाय. दोन खांब खाली एका बिंदूत मिळाले, इंग्रजी व्ही-सारखे, तर दोन्ही एकाच टाक्यात घालायचे, म्हणजे टाका वाढतो. वर माथ्याशी मिळाले, तर दोन खांब एकत्र बंद करायचे, म्हणजे टाका कमी होतो. जपानी चार्टमध्ये आणखी एक बारकावा आहे. झुपक्याचे पाय एकत्र जुळलेले असतील तर सुई खालच्या टाक्याच्या आत घालायची. पाय सुटे, मोकळे असतील तर खालच्या साखळीच्या कमानीखालून सुई घालून तिला कवेत घ्यायचं. रेघेचं टोक जुळलं की नाही, एवढ्याशा फरकात हे सगळं सांगितलेलं असतं. खांबाच्या पायाशी आकडी वळवलेली असेल, तर खालच्या खांबाच्या अंगाभोवती पुढून किंवा मागून टाका घालायचा.

शब्दांत लिहिलेली कृती तुम्हाला पुढचं पाऊल सांगते. चार्ट पूर्ण रस्ता दाखवतो. पाचव्या फेरीत काही चुकलं, तर शब्दांत तुम्हाला पुन्हा मागून वाचत यावं लागतं. चार्टवर तुम्ही हातातलं काम शेजारी धरता आणि बघता, की माझ्याकडे कमान खांबाच्या डोक्यावर आली आहे, चित्रात ती दोन खांबांच्या मध्ये आहे. चूक डोळ्यांना सापडते.

जिथे चार्ट अडतो

चार्ट सगळं सांगतो असं मात्र नाही. दोरा किती जाड, सुई किती नंबरची, हात सैल की घट्ट, हे त्यात नसतं. ते बाजूला लिहावंच लागतं. अंध विणकरीणीला चार्ट निरुपयोगी आहे. तिच्यासाठी वाचून दाखवता येणारे शब्दच हवेत, म्हणून चांगल्या पुस्तकांत दोन्ही असावं. आणि चार्ट असतो सपाट कागदावर. कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटव्हियन गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ साली क्रोशाने अतिपरवलयी पृष्ठभाग विणून दाखवला. कोबीच्या पानासारखा चुण्याचुण्यांचा तो आकार कागदावर सपाट काढताच येत नाही. त्याची कृती एका वाक्याची आहे: ठरावीक टाक्यांनंतर दर वेळी एक टाका वाढवा. तिथे शब्द जिंकतात.

आपला रुमाल कागदावर

आता कपाटातल्या त्या रुमालाकडे वळू. सुती दोरा कायमचा नसतो. घड्यांवर तो पिवळा पडतो, मग एक दिवस धुताना तुटतो. आयर्लंडच्या घरांत झालं ते आपल्या घरांतही होतं आहे. करणारी गेली, नमुना विरला, आणि फूल तिथेच थांबलं. तुमच्या मुलीला किंवा नातीला मराठी वाचता येत नसेल, तर मराठीत लिहून ठेवलेली कृतीही तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. चार्ट पोहोचेल. ती डब्लिनमध्ये असो, दुबईत असो की डॅलसमध्ये.

काढायला चित्रकला लागत नाही. रुमाल गडद कापडावर सपाट पसरा आणि टाचण्या लावा. वरून सरळ फोटो घ्या आणि मोठा करा. सुलट बाजू कुठली ते बघा. मध्याची साखळी मोजा, मग पहिल्या फेरीतले खांब. जिथे फेऱ्या जोडल्या आहेत तिथे एक बारीक शिवण मध्यापासून बाहेर गेलेली दिसते, तिथे खूण करा. मग शोधा की नक्षी किती वेळा पुन्हा येते. सहा पाकळ्या असतील तर सगळा रुमाल काढायची गरज नाही, एका पाकळीचा त्रिकोण काढला की पुरे. एकेका फेरीला वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्या. आकडा जुळला नाही तर घाबरू नका. जुन्या हातांनीही मध्येच एखादा टाका जास्त घातलेला असतो आणि पुढच्या फेरीत गुपचूप सांभाळून घेतलेला असतो. तोही तसाच टिपून ठेवा.

मग नवीन दोरा घेऊन आपल्या चार्टवरून मधल्या तीन-चार फेऱ्या विणून बघा. सपाट बसला तर चार्ट बरोबर आहे. वाटी झाली किंवा चुण्या पडल्या तर मोजणी तपासा. शेवटी कागदाच्या कोपऱ्यात दोऱ्याची जाडी, सुईचा नंबर, रुमालाचं माप लिहा. आणि त्याखाली करणारीचं पूर्ण नाव, गाव आणि माहीत असेल तर साल लिहा. पुस्तकातल्या चार्टवर प्रकाशकाचं नाव असतं. या चार्टवर तिचं असू द्या.